सातबाऱ्याचा वर्ग आणि पडद्यावरील अक्षर

धुळें व जळगांव जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं सातबाऱ्याचा उतारा जितका जपला जातो तितका दुसरा कागद क्वचितच जपला जात असेल. त्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘वर्ग २’ अशी एक नोंद असते. फरक एका आंकड्याचा. पण वर्ग १ ची जमीन खातेदाराला सामान्यतः आपल्या इच्छेनें विकतां येते, वर्ग २ ची सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवांचून विकतां येत नाहीं. हा आंकडा आतां संगणकाच्या पडद्यावरही वाचला जातो. मूळ नोंद बदलली असतां पडद्यावरील अक्षर बदलतें कीं नाहीं, हा प्रश्न त्यामुळें केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाहीं. सरकारी यंत्रणेची अंतर्रचना येथें पाहावयाची नाहीं. समजुतीसाठीं एक लहानसें पान कल्पिलें म्हणजे पुरे.

माहिती लिहून ठेवण्याची एक्सएमएल नांवाची पद्धति १९९८ च्या फेब्रुवारींत प्रमाण ठरली. तींत प्रत्येक गोष्ट नांवाच्या खुणेंत गुंडाळतात व त्या खुणेला गुण जोडतात. ‘खातेदार’ ही खूण, ‘वर्ग’ हा तिचा गुण, ‘२’ हें त्याचें मूल्य. हीं नांवें देवनागरींतही चालतात, याकडे आपल्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं.

पडद्याची मांडणी करण्यासाठीं मॅक्रोमीडिया कंपनीनें २००४ सालीं फ्लेक्सबरोबर एमएक्सएमएल ही भाषा आणली. ‘अगोदर हें कर, मग तें कर’ असें ती सांगत नाहीं. ‘या जागीं अमुक असावें’ एवढेंच जाहीर करते. त्या जागीं महिरपी कंसांत मूळ नोंदीचा पत्ता लिहिला कीं बांधणी झाली. बांधणी म्हणजे नक्कल नव्हे. पेटींतील उतारा दहा वर्षांनींही जसाचा तसा राहतो. बांधलेलें अक्षर मात्र मूळ नोंदीकडे डोळा लावून बसलेलें असतें.

पण नुसता डोळा लावून भागत नाहीं. मुळानें बदलाची हांक दिली पाहिजे. नोंद बहुधा एका साच्यांत ठेवलेली असते. (प्रोग्रामच्या भाषेंत त्यालाही क्लास, म्हणजे वर्गच म्हणतात; घोटाळा नको म्हणून येथें साचा म्हटलें आहे.) साच्यांतील ज्या गुणाकडे पडदा पाहणार, त्याच्यावर ‘बाइंडेबल’ अशी खूण करावी लागते. ती राहून गेली तर पान उघडतांना मूल्य एकदां घेतलें जातें आणि पुढील बदल पडद्यापर्यंत पोहोंचत नाहींत. कंपायलर इशारा देतो, पण काम अडवीत नाहीं. आणि घाईंतला मनुष्य इशारे वाचीत नाहीं. उघड मोडलेलें यंत्र यापेक्षां बरें, कारण त्यावर कोणी विश्वास तरी ठेवीत नाहीं.

समजा, शिरपूरकडील एका खातेदारानें नजराणा भरून वर्ग २ चा वर्ग १ करून घेतला. नोंद बदलली, परंतु उघड्या पानावर २ च राहिला. गिऱ्हाईक तें पाहून परत जाईल. उलट प्रकार अधिक घातक. चुकून लागलेला वर्ग १ दुरुस्त होऊन २ झाला व पडदा १ च दाखवीत राहिला, तर घेणाऱ्याचा पैसा व देणाऱ्याची जमीन दोन्हीं वादांत सांपडतात.

फ्लेक्स २०११ नंतर अपाची संस्थेकडे गेलें. ज्यावर तें मुख्यतः चाले, त्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. एमएक्सएमएल मात्र अपाची रॉयलमध्यें अजून वापरतात. क्यूएमएल या दुसऱ्या भाषेंतही अशीच बांधणी आहे. तेथें धोका निराळा: बांधलेल्या गुणाला मागाहून साधें मूल्य दिलें कीं गांठ सुटते, आणि तीही निमूटपणें.

परीक्षा सोपी आहे. पान उघडें ठेवून मूळ नोंदींतील २ चा १ करावा आणि पडद्याकडे पाहावें. मध्यंतरीं पान मिटूं नये. मिटून पुन्हा उघडलें तर सुटलेल्या गांठीचें पानही बरोबरच आंकडा दाखवितें.