नरसीची वाट, टिळकांची पावलं

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेवांनी अभंग-कीर्तनाची वाट रुंद केली. कित्येक शतकांनी त्याच वाटेनं एक ख्रिस्ती कवी चालला.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ओठांवरचा अभंग मात्र तसाच राहिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. नव्या श्रद्धेला त्यांनी ओवी आणि अभंगाचेच कपडे घातले, कीर्तनही केलं. मला तरी हा हट्ट फार लोभस वाटतो.

1900 मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्ताचा हात काही सोडला नाही. 1919 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले, लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी.