पसंतीची यादी आणि प्रकल्पांची वांटणी

विश्वविद्यालयाच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प वांटून देणें हें वरवर पाहतां कारकुनी काम वाटतें. विद्यार्थी इतके, प्रकल्प इतके. जोड्या लावल्या कीं झालें! परंतु प्रत्येक विद्यार्थ्याची आवड निराळी, प्रत्येक अध्यापकाची निवड निराळी, आणि एका अध्यापकानें किती जणांना मार्गदर्शन करावें यालाही मर्यादा असते. अशा वेळीं पसंती कशी विचारली जाते, यावर वांटणीचा न्याय पुष्कळसा अवलंबून राहतो.

प्रथम सर्वांची पहिली पसंती पाहून जागा कायमच्या भराव्या आणि मग उरलेल्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे वळावें, हा मार्ग सरळ दिसतो. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या शाळाप्रवेशाची जुनी रीत अशीच होती. तींत पहिली शाळा हुकली कीं दुसरी तोंवर भरून गेलेली असे. म्हणून जाणते पालक खरी आवड लपवून मिळण्याजोगी शाळाच प्रथम लिहीत, आणि भाबड्यांचें नुकसान होई. २००५ सालीं त्या शहरानें ही रीत सोडली.

या पेचावरील उपाय डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ले यांनीं १९६२ सालींच मांडला होता. त्याचें मर्म म्हणजे तात्पुरता स्वीकार. विद्यार्थी पहिल्या पसंतीची जागा मागतो. ती त्याच्यासाठीं तूर्त राखली जाते. अधिक योग्य उमेदवार आल्यास ती त्याला सोडावी लागते, आणि तो पुढील पसंतीकडे वळतो. नवा नकार उरला नाहीं म्हणजे वांटणी कायम होते. दुसरी जागा उशिरां मागितली म्हणून हक्क बुडत नाहीं. यामुळें खरें लिहिण्यांतच विद्यार्थ्याचें हित असतें. ग्लासगो येथील संशोधकांनीं २००३ सालीं ही कल्पना प्रकल्पांना लागू केली, आणि प्रकल्पाची व अध्यापकाची अशा दोन्ही मर्यादा तींत सांभाळल्या. भारतांतील आय. आय. टी. व एन. आय. टी. यांचे संयुक्त प्रवेशही २०१५ पासून याच तत्त्वावर होऊं लागले.

परंतु विद्यार्थ्याला हें गणित दिसत नाहीं. त्याला दिसतो तो पडद्यावरील अर्ज. त्या अर्जावर प्रत्येक प्रकल्पाचें वर्णन, अध्यापकाचें नांव, जागा व आवश्यक पूर्वज्ञान एकत्र असावें. मुदत संपेपर्यंत क्रम बदलतां यावा, आणि आधीं अर्ज करणाऱ्याला कोणताही लाभ नसावा. यादी तीनच नांवांची ठेवली, तर सुरक्षित नांव कोठें घालावें हा हिशेब पुन्हा सुरू होतो. म्हणून यादी हवी तितकी लांब करतां आली पाहिजे. आणि खरी आवड लिहिल्यानें तोटा होणार नाहीं, हें वाक्य ठळकपणें छापलेलें असावें. कारण विश्वास नसेल तर उत्तम नियमही फुकट जातो.

सर्वांचीच पहिली इच्छा कोणतीही वांटणी पुरवूं शकत नाहीं. पण ज्याला नकार मिळाला, त्याच्या जागीं त्या निवडींत सरस ठरलेलाच विद्यार्थी आहे, अधिक धूर्त नव्हे, एवढी खात्री चांगल्या व्यवस्थेला देतां येते.