उपकाराचं गाव



शिकागोला गेलात, तर एकदा शहराच्या दक्षिणेला पुलमन वस्तीत चक्कर मारा. लाल विटांच्या घरांच्या ओळी, घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना आणि मालकाच्या थोरल्या लेकीच्या नावाचं हॉटेल फ्लॉरेन्स.

जॉर्ज पुलमन रेल्वेचे आलिशान स्लीपर डबे बनवायचा. १८८० मध्ये त्याने कामगारांसाठी हे गाव वसवायला घेतलं. घरात नळ, गॅस. बाहेर बाग, वाचनालय. शिकागोतल्या कोंदट खोल्यांपुढे हा स्वर्गच.

मग लोक चिडले कशाला? घर फक्त भाड्याने मिळे, विकत कधीच नाही. वाचनालयाला वर्गणी. दारू फक्त हॉटेलात, तीही कामगाराच्या खिशाबाहेरची. चर्चचं भाडंसुद्धा इतकं, की सुरुवातीला ते रिकामंच राहिलं. गाव मालकाचं, दुकानं मालकाची, नावही मालकाचं.

१८९३ ची मंदी आली. मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी कापली. घरभाडं मात्र तेच. भागधारकांचा लाभांशही चालूच. ११ मे १८९४ ला कामगार बाहेर पडले. देशातली रेल्वे अडली, सैन्य आलं, माणसं मेली, संप मोडला.

राग मात्र राहिला. १८९७ मध्ये पुलमन वारला, तेव्हा घरच्यांना भीती, की लोक प्रेत उकरून काढतील! म्हणून शिशाचं अस्तर लावलेली शवपेटी, वर काँक्रीट आणि रेल्वेचे रूळ. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गावातली घरं विकायला सांगितलं.

शिकागोच्या समाजसेविका जेन ॲडम्स यांनी पुलमनची तुलना किंग लिअरशी केली. आपल्याला हा लिअर शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळे जवळचा. ॲडम्स यांचं म्हणणं साधं होतं: लोकांचं भलं करायचं, तर त्यांना बरोबर घेऊन करा.

हे आज का सांगतोय? आपणही गावी शाळेला खोली, देवळाला सभामंडप देतो. पाटीवर आजोबांचं नाव लावतो. पुढच्या सुट्टीत गेल्यावर कोणी नीट बोललं नाही, की म्हणतो, “एवढं केलं, पण जाणीव नाही!”

पुढचा चेक लिहिण्याआधी गावाला एक फोन करा. “तुम्हाला काय हवंय?” एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.