कढई घेतली, पण उचलायची कुणी?

आजचा भाग भांड्यांवर आहे. हो, स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर. बऱ्याच जणांचे मेसेज आलेत की पहिल्यांदाच भाड्याने फ्लॅट घेतलाय, भांडी कुठली घेऊ, नॉनस्टिकचा सेट घेऊ का? उत्तर देतो. पण आधी मी काय माती खाल्ली ते ऐका.

मी वाकडला वन बीएचकेमध्ये राहतो, ओट्यावर इंडक्शन आहे. नोकरी लागल्यावर सेलमध्ये सात भांड्यांचा नॉनस्टिक सेट घेतला होता. त्यातली चार भांडी कधी खोक्याबाहेर आलीच नाहीत. तव्याची मात्र दीड वर्षात वाट लागली. आम्ही तिघं रूममेट, स्टीलच्या उलथन्याने ऑम्लेट खरवडायचो. रिकामा तवा फुल पॉवरवर ठेवायचा आणि मग कांदा चिरायला घ्यायचा. नॉनस्टिकचं कोटिंग साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं, आणि रिकामा तवा तिथे काही मिनिटांतच पोचतो. म्हणजे चूक तव्याची नव्हती, आमची होती.

मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं. स्प्रेडशीट! उष्णता वाहून नेण्यात तांबं सगळ्यात पुढे, आकडा चारशेच्या आसपास. ॲल्युमिनियम सव्वादोनशेच्या वर. स्टेनलेस स्टील फक्त पंधरा-सोळा. म्हणून तर नुसत्या पातळ स्टीलच्या पातेल्यात खीर बरोबर मधोमध करपते. बीड या बाबतीत काही फार भारी नाही, तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. कोटिंगची भानगड नाही, इंडक्शनवर चालतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. माझ्या शीटमध्ये बीड जिंकलं. मोठी बिडाची कढई आणि बिडाचा तवा घेतला. तेल लावून, तापवून, परत तेल लावून दोन्ही तयार केले. फोटो स्टेटसला टाकले. खोटं कशाला बोलू.

आणि मग मागच्या पावसाळ्यात आई वाईला बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट फ्रॅक्चर. प्लास्टर निघाल्यावर मी तिला इकडे घेऊन आलो. तिला नुसतं बसवत नाही, त्यामुळे आठवड्याभरात स्वयंपाक तिने हातात घेतला. पण रोज काय, तर कुकरचा वरणभात नाहीतर खिचडी. भरली वांगी नाहीत, पिठलं नाही, काही नाही. मला वाटलं तिचं मन लागत नाहीये. वाई सुटलं, शेजारणी सुटल्या, म्हणून असेल. एकदा मटकीची उसळ केली, तर कढई रात्रभर पाणी घालून सिंकमध्ये तशीच. मी म्हणलं, "आई, बिडाच्या भांड्यात पाणी ठेवू नको गं, गंज चढतो." पुढच्या आठवड्यात परत तेच. तेव्हा जरा चिडूनच बोललो. ती काहीच बोलली नाही.

एक दिवस ऑफिसमधून लवकर आलो. आई ओट्यापाशी उभी राहून डाव्या हाताने, पळीपळीने, कढईतली उसळ पातेल्यात काढत होती. मी म्हणलं, अगं सरळ ओत ना. तर म्हणाली, "अरे, हे उचलायचं कुणी? तू घरी आलास की उचलतोस, तोवर राहू दे म्हणते."

ती कढई रिकामीच तीन किलोची. त्यात दीड किलो उसळ. माझ्या शीटमध्ये वजनाचा कॉलम होता, बरं का. पण त्यात मी 'जड = चांगलं' असं धरलं होतं.

त्या रविवारी दोघं मंडईजवळ भांड्यांच्या दुकानात गेलो. मी फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून नेलं होतं. ही युक्ती लक्षात ठेवा: चुंबक बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालतं. आईची वाईची जर्मनची पातेली चालत नाहीत ती त्यामुळेच. पितळेचंही तेच. आईने चुंबकाकडे बघितलंही नाही. तिने दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं, ते कढईत ओतलं, आणि कढई उचलून ओतल्यासारखी तिरकी केली. एकेक कढई अशी. लांब दांड्याची दोन बाजूला सारली. म्हणाली, सगळा भार मनगटावर येतो. टॉर्क! फर्स्ट इयरला शिकलेलो मी, आणि दुकानात आठवला तिला.

शेवटी घेतली ती ट्रायप्लाय कढई, दोन कानांची, सव्वा किलोची. ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं स्टील. उष्णता पसरवायचं काम मधला थर करतो, त्यामुळे सगळीकडे सारखं शिजतं. चिंच, आमसूल, टोमॅटो काही घाला, फरक पडत नाही. बिडात आंबट शिजवलं तर लोखंडाची चव उतरते. कल्हई नसलेल्या पितळेत तर कळकतंच. ट्रायप्लायची एकच कटकट, पोहे चिकटतात. त्यावर उपाय: आधी कढई कोरडी तापवा, पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्र करून उडून गेला तर थांबा. पाऱ्यासारखा गोळी होऊन पळायला लागला की आच कमी करून तेल घाला. हे नॉनस्टिकला करायचं नाही हां.

तर ज्यांनी विचारलं त्यांना: सेट घेऊ नका. एक कढई, एक तवा, एक पातेलं आणि कुकर, एवढ्यावर सहा महिने काढा. काय कमी पडतंय ते कळेलच. अंडी आणि घावन रोज करत असाल तर एक छोटा नॉनस्टिक तवा घ्या, लाकडी उलथनं वापरा, आणि कोटिंग सुटायला लागलं की जीव न लावता टाकून द्या. आणि दुकानात भांडं पाणी भरून उचला. घरात जो रोज उचलणार आहे, त्याला उचलायला सांगा. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर निदान वजन वाचा आणि तेवढ्या वजनाची पिठाची पिशवी एका हाताने धरून बघा.

बिडाची कढई माझा एक मित्र घेऊन गेला, तो जिमला जातो. बिडाचा तवा मात्र आईने जाऊ दिला नाही. तो ओट्यावरच असतो, थालीपीठ झालं की गरम असतानाच फडक्याने पुसायचा, उचलायचा प्रश्नच नाही. परवा भरली वांगी झाली. मीठ जरा जास्त होतं, मी काही बोललो नाही.

तुमच्याकडे कुठलं भांडं नुसतंच शोभेला पडून आहे, आणि का, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या शुक्रवारी.