चुकलेला नकाशा

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहास-भूगोल शिकवणारा साधा शिक्षक. आज विज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकतो आहे, ते एका चुकीची कबुली देण्यासाठी. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा रंगवून आणला. त्यात सह्याद्री हिरवा आणि कोकणपट्टी तपकिरी! मी त्याची वही वर्गासमोर उंच धरली. मुले हसली. पुढे त्याची अम्मी भेटायला आली, तेव्हा सहज म्हणाली, "सर, हिरवी मिरची कोणती नि लाल कोणती, हे त्याच्या मामूंनाही कळत नाही." त्या एका वाक्याने माझी मान खाली गेली.

मग मी पुस्तके चाळली. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. प्रत्येक प्रकारात वेगळे रंगद्रव्य असते आणि ते कसे बनवावे, हे जनुकात लिहिलेले असते. निळ्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. तांबड्याचे आणि हिरव्याचे मात्र एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. १९८६ साली जेरेमी नेथन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकांचा मजकूर उलगडला, तेव्हा तांबड्या-हिरव्यात सुमारे ९८ टक्के साम्य आढळले. इतके साम्य योगायोगाने येत नाही. सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका-आशियातील माकडे आणि माणूस यांच्या सामाईक पूर्वजात, एकाच मूळ जनुकाची चुकून दुसरी प्रत निघाली होती.

शाळेचे जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. एकच प्रत असेल, तर तीत खाडाखोड करण्याची कोणाची छाती होईल? दुसरी प्रत हाताशी असली की मग धीर येतो. सुसुमू ओहनो या शास्त्रज्ञांनी १९७० साली आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला. पहिली प्रत जुने काम सांभाळते. दुसरीत बदल साठू शकतात. बहुतेक जादा प्रती निकामी होतात, एखादीच नवे काम शिकते. इथे ती शिकली, आणि हिरव्या पानांतले पिकले फळ वेगळे दिसू लागले.

पण या देणगीतच एक धोका आहे. फळ्यावरून लिहून घेताना दोन ओळींत सारखेच शब्द आले की मुलांची नजर घसरते आणि मधली ओळ गळते. स्त्रीच्या शरीरात बीजांडे तयार होताना दोन एक्स गुणसूत्रे आपसांत मजकुराची देवाणघेवाण करतात, तेव्हा नेमके असेच घडते. एकावर जनुक जास्त येते, दुसऱ्यावर कमी पडते. मुलाला एकच एक्स मिळते, तेही आईकडून. मुलीला दोन असल्याने एकाची उणीव सहसा दुसरे भरून काढते. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्के, तर स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का व्यक्तींना हा दोष आढळतो. मामू-भाच्याचे कोडे असे सुटले. यात अम्मीचा काय अपराध?

अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांनाही हा दोष होता. तेही शिक्षकच. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेत स्वतःच्या दृष्टीचे वर्णन वाचले. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. १८४४ साली त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच इच्छेनुसार डोळा तपासला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याची १९९५ साली जनुकीय तपासणी झाली आणि हिरव्या रंगद्रव्याचे जनुकच नसल्याचे दिसून आले. दीडशे वर्षांनी उत्तर मिळाले!

शिक्षक मित्रांनो, तांबड्या शाईने फुली मारण्यापूर्वी मुलाला एकदा विचारा, "बाळ, तुला हे कसे दिसते?" पालकांनो, शंका आली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा, मुलाला आळशी म्हणू नका. ज्या चुकीच्या नकलेने आपल्याला रंग दिले, तिच्याच पोटी ही उणीव जन्मली आहे.

त्या मुलाची मी त्याच वर्गासमोर माफी मागितली. आता नकाशात रंगांबरोबर रेघा आणि ठिपकेही काढायला सांगतो. त्याचा सह्याद्री पुन्हा चुकला नाही.