ठिपक्यांचा खेळ आणि सोडलेली दोन घरे
(स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मी गणिताचा शिक्षक. मला खेळावर बोलायला उभे केले याचे काही जणांना नवल वाटले असेल, आणि तोही संगणकावरचा खेळ! "सर, मुलं आधीच पडद्याला चिकटलेली, त्यात तुम्ही भर घालता," असे एका विद्यार्थिनीच्या अम्मी मघाशी म्हणाल्याच. त्यांची तक्रार रास्त आहे. पण हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी वहीच्या मागच्या पानावर खेळलेला आहे. ठिपके काढायचे, रेघा जोडायच्या, चौकोन पुरा झाला की त्यात आपल्या नावाचे अक्षर. फ्रान्सचे गणिती एदुआर ल्युका यांनी १८८९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तोच आता संगणकावर आला आहे.

नियम थोडेच. दोघांनी आळीपाळीने शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ ओढायची, आडवी किंवा उभी. ज्याच्या रेघेने घराची चौथी बाजू पुरी होईल त्याचे ते घर, आणि त्याने लगेच आणखी एक रेघ ओढलीच पाहिजे. यातला "च" ध्यानात ठेवा, सारी गंमत त्यातच आहे. शेवटी घरे जास्त त्याची जीत.

सुरुवातीला घराला तिसरी रेघ कोणी देत नाही. दिली की समोरचा घर घेणार. पण अशा निर्धोक रेघा संपतात. पटावर उरतात त्या साखळ्या, म्हणजे एक घर मिळाले की पुढचे मिळत जाते अशी लागून असलेली घरे. कोणाला तरी साखळी उघडावी लागते.

आठवीतल्या एका मुलीशी मी १६ ठिपक्यांचा, म्हणजे ९ घरांचा डाव मांडला. पहिली रेघ माझी. शेवटी दोनच साखळ्या उरल्या, एक ४ घरांची, एक ५ घरांची, आणि खेळी तिची. तिने चाराची उघडली. मी खुशीत चारही घेतली. मग आणखी एक रेघ ओढणे भाग! पाचाची साखळी मीच तिला उघडून दिली. ४ विरुद्ध ५. वर्ग हसला. ती म्हणाली, "सर, चारातली दोन सोडायची होती."

मी घरी जाऊन कागदावर मांडून पाहिले. पहिली दोन घरे घ्यायची. उरलेल्या दोन घरांत दोन रेघा बाकी असतात, एक मधली आणि एक टोकाची. मधली तशीच ठेवून टोकाची ओढायची. समोरचा एका रेघेत दोन्ही घरे घेईल, पण त्याला पुढची रेघ ओढावीच लागेल, आणि पाचाची साखळी त्याच्या हातून उघडेल. ती दोन घरे त्याने घेतली नाहीत तरी त्याला हेच करावे लागणार. हिशेब ७ विरुद्ध २! पट तोच, माझी एकच रेघ चुकलेली.

साखळी निदान तीन घरांची हवी. दोनाचीच असेल तर समोरचा मधली रेघ ओढून तुमची सोय काढून घेतो. साखळी वळसा घेऊन स्वतःलाच मिळाली असेल तर दोन नव्हे, चार घरे सोडावी लागतात. अमेरिकन गणिती एल्विन बर्लेकँप यांनी २००० साली या खेळावर पुस्तकच लिहिले. ढोबळ नियम असा: ठिपके आणि लांब साखळ्या यांची बेरीज सम आली तर पहिल्याचा फायदा, विषम आली तर दुसऱ्याचा. माझ्या डावात १६ अधिक २. म्हणजे डाव माझाच होता, हे जास्त लागले.

४ गुणिले ५ घरांच्या पटावर ४९ रेघा असतात. दोघेही बिनचूक खेळले तर तो डाव बरोबरीत सुटतो, हे जोसेफ बार्कर आणि रिचर्ड कॉर्फ यांनी संगणकाकडून २०१२ साली काढून घेतले.

पालकांना एक सांगतो. संगणकाची सोपी पातळी पुष्कळदा माझ्यासारखीच हावरी असते, दिसेल ते घर घेते. तिला हरवून मूल काहीच शिकत नाही. त्यापेक्षा दोघा भावंडांना एकाच पडद्यासमोर बसवा आणि शेजारी कागद-पेन्सिल ठेवा.

बाहेर व्हरांड्यात दोन संगणक मांडून ठेवले आहेत. आधी पालकांनी बसावे. मुले मागे उभी राहून बघतील. मात्र त्यांनी खेळी सुचवायची नाही.