टेबलावरची वीजवाहिनी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. आज याच परिसरातून ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या विदर्भाकडे जातात. अशा चालू वाहिनीवर मनाजोगे प्रयोग करता येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत तिची प्रतिकृती मांडतात. दर किलोमीटरमागे १ मिलिहेन्रीचे वेटोळे व ०.०११ मायक्रोफॅराडचे धारित्र, अशी घरे एकापुढे एक जोडली, की टेबलावर वाहिनी उभी राहते. तिचा संरोध सुमारे ३०० ओहम भरतो.

श्रोतेहो, ही वाहिनी नेटवर्क ॲनालायझरला जोडण्यापूर्वी त्याच्या केबलींचीच परीक्षा घ्यावी लागते. प्रत्येक केबलीचे टोक प्रथम उघडे ठेवावयाचे, मग शॉर्ट करावयाचे, मग त्यावर ५० ओहमचा प्रमाणित रोधक लावावयाचा; शेवटी दोन्ही केबली एकमेकींस जोडावयाच्या. त्यानंतर केबलींचा वाटा यंत्र हिशेबातून वगळते. यंत्र ५० ओहमचे, वाहिनी ३०० ओहमची; म्हणून निम्मी शक्ती वाहिनीच्या दारातूनच परत फिरते. ही तफावतही गणिताने दूर करता येते.

परंतु एक मर्यादा गणितालाही हटत नाही. ९६ किलोहर्ट्झच्या पुढे ही घरे लहरींना अडवितात, आणि आकडे तर त्याच्या बरेच आधी ढळू लागतात. खरी तार अशी अडवीत नाही. तिच्यावरून संरक्षणाचे संकेत ५० ते ५०० किलोहर्ट्झवर धाडतात. त्यांचा अभ्यास या प्रतिकृतीवर केला, तर निष्कर्ष फसवा निघेल. त्यासाठी शंभर-शंभर मीटरांची घरे हवीत. प्रतिकृती कोठवर खरी, हे ठरविणे हा मापनाचाच भाग होय.